‘सबटाइप सी’ म्हणजे थर्ड क्लासचा डबा का? (एचआयव्हीच्या वाणांबद्दल शंका)

गल्ली_नं_७ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसताच वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

माझे एक मामा आहेत. नाव, भाग काही सांगत नाही, मुंबईतच असतात, टॅक्सी चालवायचे. २००६ पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांवर आहेत. सुरुवातीला सरकारी सेंटरवरून फुकट गोळ्या मिळायच्या. मग एकदा रांगेत वाडीतलाच एक ओळखीचा समोर आला. त्या दिवसापासून मामांनी सेंटर सोडलं आणि केमिस्टकडून जुन्याच स्ट्रिपा विकत घ्यायला लागले. ना तपासणी, ना कुणाला विचारणं. पैसे कमी पडले की आठवडाभर सुट्टी. आता वजन उतरायला लागलं तेव्हा मामीने मला सांगितलं. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) भरपूर आला. डॉक्टरांनी जिनोटाइप टेस्ट (विषाणूची जनुकं वाचून कुठली औषधं चालणार नाहीत ते पाहणारी) करायला लावली, ती एका खासगी लॅबमध्ये केली. काउंटरवरच्या मुलाने लिफाफा हातात ठेवला आणि “नेक्स्ट” म्हणाला. समजावून सांगायला कुणी नाही.

रिपोर्टात लिहिलंय: एचआयव्ही-१, सबटाइप सी. खाली के१०३एन, व्ही१०६एम, एम१८४व्ही.

मामांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “ए नाही, बी नाही, डायरेक्ट सी? म्हणजे थर्ड क्लासचा डबा का रे?” हसून म्हणाले, पण रात्री झोपले नाहीत असं मामी म्हणाली.

डॉक्टरांची वेळ पुढच्या मंगळवारची आहे. तोपर्यंत मला तीन गोष्टी कळल्या तर मामांशी बोलता येईल. सी जास्त वाईट असतो का? औषधं तर परदेशातल्या वाणावर बनवलेली, ती आपल्याकडच्यावर चालतात का? आणि हा विषाणू रोज बदलतो म्हणे, मग औषधाचा उपयोग काय?

---

ठाणेकरीण

समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काढलीत, म्हणून आधी पहिल्याचं उत्तर. मामांना आजच फोन करून सांगा की ते अक्षर म्हणजे मार्क नव्हेत. आमच्या शाळेत ‘क’ तुकडी म्हणजे ढ मुलं असा समज होता, तसलंच काहीसं त्यांच्या डोक्यात बसलं असणार. इथे ए, बी, सी ही फक्त नावं आहेत. भारतात ज्यांना एचआयव्ही आहे त्यांतल्या बहुतेकांचा सबटाइप सीच असतो. जगातही जवळपास निम्मा तोच. म्हणजे डबा थर्ड क्लासचा नाही, सगळ्यात गर्दीचा आहे.

बाकीचं जाणकार सांगतीलच. गोळ्या सध्या चालू आहेत ना? मंगळवारपर्यंत स्वतःच्या मनाने बंद करू नका.

---

सूक्ष्मजीव

परळच्या एका प्रयोगशाळेतून निवृत्त झालो, हात शिवशिवतात, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी वंशावळ. एचआयव्ही-१ चे चार गट आहेत: एम, एन, ओ, पी. जगभर पसरलेली साथ ही एम गटाची. तो चिंपांझींच्या विषाणूतून माणसात आला आणि आत्ताच्या काँगोमधल्या किन्शासा शहरात १९२० च्या आसपास पसरायला लागला, असं त्याच्या जनुकांतल्या फरकांवरून मागे मोजत जाऊन काढलंय. त्याच शहरातले १९५९ आणि १९६० चे दोन जुने नमुने सापडलेत. ते तेव्हाच एकमेकांपासून बरेच दूर गेलेले होते, म्हणजे मूळ त्याच्याही कितीतरी आधीचं. या एम गटाच्या फांद्या म्हणजे सबटाइप: ए, बी, सी, डी, एफ, जी, एच, जे, के, आणि अलीकडे २०१९ मध्ये मान्यता मिळालेला एल. मधले ई आणि आय कुठे गेले? थायलंडमध्ये ज्याला ई म्हणत होते तो संकर निघाला. म्हणून आता त्याचं नाव सीआरएफ०१_एई. आयचंही तसंच झालं. असे संकर शंभराच्या वर नोंदलेत.

युरोप-अमेरिकेत बी पसरला. तिथल्या प्रयोगशाळांना तो पहिल्यांदा हाती लागला, म्हणून पुस्तकं, किट, औषधं सगळी बी पाहून लिहिली गेली. मामांच्या रिपोर्टातले १०३, १०६ हे आकडेसुद्धा एचएक्सबी२ नावाच्या एका बी विषाणूवरून मोजलेले असतात. आपल्याकडे १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी पहिले नमुने शोधले. इथे, इथिओपियात आणि दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला सी.

आता बदलतो म्हणजे काय. या विषाणूची पोथी साधारण ९,७०० अक्षरांची, नऊ जनुकं. ती उतरवून घेणारा लेखनिक म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. हा लेखनिक झपाट्याने लिहितो आणि लिहिलेलं परत वाचतच नाही. सरासरी दर तीन-चार प्रतींत एक अक्षर चुकतं. आणि उपचार नसलेल्या माणसात दिवसाला हजार कोटींच्या घरात विषाणू तयार होतात. करा हिशोब. शिवाय प्रत्येक विषाणूत पोथीच्या दोन प्रती असतात. लेखनिक मध्येच एकीवरून दुसरीवर उडी मारतो. दोन वेगळे वाण एकाच पेशीत भेटले की संकर तयार.

पण (आणि हा ‘पण’ मामांसाठी महत्त्वाचा) चूक सगळीकडे सारखीच होते, खपते मात्र सगळीकडे सारखी नाही. बाहेरच्या आवरणाचं प्रथिन, एन्व्ह, यात काहीही खपतं. एकाच सबटाइपच्या दोन विषाणूंत त्याची २० टक्क्यांपर्यंत अमिनो आम्लं (प्रथिनाच्या माळेतले मणी) वेगळी असू शकतात, दोन सबटाइपांत ३५ टक्क्यांपर्यंत. त्यातला जीपी१२० हा भाग संक्रांतीच्या हलव्यासारखा समजा. वरून साखरेचा काटेरी थर, त्याचं जवळपास अर्धं वजन साखरेचंच. ही साखर आपल्याच पेशीची, त्यामुळे अँटिबॉडीला ते घरचंच माणूस वाटतं. त्यातून व्ही१ ते व्ही५ अशी पाच वेटोळी सतत रूप पालटत असतात. तिसऱ्या वेटोळ्याच्या टोकाला बीमध्ये बहुधा जीपीजीआर अशी चार आम्लं असतात, सीमध्ये जीपीजीक्यू.

आतली यंत्रं तशी नाहीत. लेखनिक, कातरणारा प्रोटिएज, आपल्या डीएनएत घुसवणारा इंटिग्रेज. इंटिग्रेजची ६४, ११६ आणि १५२ क्रमांकाची आम्लं बदलली की यंत्र बंदच पडतं, म्हणून ए असो, सी असो, ती तीच. औषधं मारतात ती मुख्यतः या यंत्रांवर. म्हणून बी पाहून बनवलेली गोळी सीवर चालते. २००४ मध्ये सरकारी मोफत एआरटी सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडे लाखो माणसं सी घेऊन याच औषधांवर जगतायत.

हाताला कळ लागली. चहा घेऊन येतो.

---

शब्दवेल्हाळ

अवांतर: धाग्याच्या नावात ‘वाण’ लिहिलंत ते आवडलं. स्ट्रेनला मराठीत ‘प्रजाती’ लिहितात ते चुकीचंच आहे. आंबेमोहर आणि कोलम हे जसे तांदळाचे वाण, तसंच हे. फक्त सूक्ष्मजीवकाकांनी त्यात संक्रांतीचा हलवा आणल्यामुळे आता वाण लुटण्याचं चित्र डोळ्यासमोरून जाईना.

---

सूक्ष्मजीव

@शब्दवेल्हाळ, हा हा. म्युटेशनला ‘उत्परिवर्तन’ म्हणा असा आग्रह मात्र धरू नका. तेवढं लिहीपर्यंत विषाणू दोनदा बदललेला असेल.

---

रेणूसूत्र

काकांचा प्रतिसाद झक्कास, वाचनखूण साठवली. मी कलिन्याला एम.एस्सी. करते, रोज असल्याच ओळी डोळ्यांखालून जातात. रिपोर्टातली ती तीन नावं राहिली, ती मी घेते.

प्रथिन म्हणजे लांबलचक चाळ समजा. के१०३एन म्हणजे १०३ नंबरच्या खोलीत आधी लायसिन (के) राहायचं, आता ॲस्पराजिन (एन) आलंय. ही खोली लेखनिकाच्या चाळीतली. नेव्हिरॅपिन आणि एफाव्हिरेन्झ या गोळ्या तिथल्याच एका खोबणीत बसतात. भाडेकरू बदलला की खोबणीत शिरता येत नाही, दोन्ही औषधं वाया.

व्ही१०६एम ही तर आपल्या सीची खास खूण. व्हॅलिन जाऊन मेथिओनिन येतं. मेथिओनिनचा कोड एकच, एटीजी. सीमध्ये त्या जागी व्हॅलिनचा कोड बहुधा जीटीजी असतो, म्हणजे एकच अक्षर चुकलं की काम झालं. बीमध्ये तिथे जीटीए, तिथून एटीजीला पोचायला दोन अक्षरं चुकावी लागतात. दोघांच्या त्या खोलीतला भाडेकरू एकच, पण स्पेलिंग वेगळं. म्हणून एफाव्हिरेन्झ घेता घेता खंड पडला की सीवाल्यांत ही वाट लवकर सापडते, बीवाल्यांत क्वचित. पहिल्यांदा वर्गात हे ऐकलं तेव्हा मी वही मिटून नुसती बसून राहिले होते.

एम१८४व्ही लॅमिव्ह्युडिनमुळे येतो. तो आला की लॅमिव्ह्युडिन लंगडी पडते, पण विषाणूही थोडा अशक्त होतो आणि टेनोफोव्हिरला उलट जास्त दबतो. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा ती गोळी तशीच चालू ठेवतात. मामांच्या रिपोर्टात के६५आर नाही ना? टेनोफोव्हिरला चकवणारा तो बदल सीमध्ये तुलनेने सहज होतो. नसेल तर चांगलंच.

---

गल्ली_नं_७

नाही, के६५आर कुठेच नाही. आत्ताच पुन्हा पाहिलं, दोनदा. चाळीचं उदाहरण मामांना सांगितलं तर म्हणाले, “मग पागडी घेतली असणार कुणीतरी.” दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसले.

एक विचारायचं राहिलं. टेस्टच्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, चालू गोळी बंद करून येऊ नका. ते का?

---

रेणूसूत्र

कारण गोळी थांबली की बदललेल्या विषाणूचा फायदा संपतो आणि मूळचा तगडा वाण पुन्हा वर येतो. एम१८४व्ही तर थोड्या आठवड्यांत दिसेनासा होतो. रिपोर्ट स्वच्छ येतो, पण बदललेला विषाणू पेशींत दबा धरून असतो. जुनी गोळी पुन्हा सुरू केली की बाहेर. डॉक्टर जाणकार दिसतात.

---

बंड्या_बिनधास्त

सगळं ऐकायला छान आहे हो. पण ४० वर्षं झाली, लस नाही. म्हणजे बदलतो बदलतो सांगायचं आणि जन्मभर गोळ्या विकायच्या. मध्ये युरोपात नवीन ‘सुपर एड्स’ आला म्हणून मेसेज फिरत होता, त्याचं काय झालं? दडपलं?

---

सूक्ष्मजीव

बंड्याशेठ, दडपायचं असतं तर ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत छापलं नसतं. फेब्रुवारी २०२२ ची गोष्ट. नेदरलँड्समध्ये बीचाच एक वाण सापडला, व्हीबी नावाचा, १०९ माणसांत. त्यांच्यात व्हायरल लोड इतरांपेक्षा साडेतीन ते साडेपाच पट होता आणि सीडी४ (विषाणू ज्यांना मारतो त्या रोगप्रतिकारक पेशी) दुप्पट वेगाने उतरत होते. म्हणजे वाणावाणात फरक पडतो हे खरंच. पण उपचार सुरू झाल्यावर तीही माणसं इतरांसारखीच सुधारली. मेसेजमध्ये ही शेवटची ओळ नसते, तिच्याने कुणी घाबरत नाही ना.

गोळ्या विकायच्या म्हणाल, तर आपल्याकडे सेंटरवर त्या फुकट मिळतात. मामांनी विकत घेतल्या त्या लोकलाजेपायी.

---

मुठाकाठ

लसीबद्दल पुण्याहून चार ओळी. प्रयत्न इथेही झालेत. २००५ मध्ये पुण्याच्या नारीत, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, सीवर बेतलेल्या लसीची पहिली चाचणी झाली. पुढे चेन्नईत दुसरी. पुढे गेली नाही एकही.

थायलंडमधल्या २००९ च्या निकालात ३१ टक्के संरक्षण दिसलं, तेवढंच काय ते. तीच कल्पना सीसाठी बेतून दक्षिण आफ्रिकेत केली, ती २०२० मध्ये थांबवावी लागली. मग अनेक वाणांचे तुकडे गोधडीसारखे शिवून ‘मोझेक’ लस केली, तिच्या दोन मोठ्या चाचण्या २०२१ आणि २०२३ मध्ये बंद. आता कारण काकांच्या हलव्यात आहेच. लस म्हणजे शरीराला चेहरा दाखवून ठेवणं. याला एक चेहराच नाही.

उलट लेनाकॅपाव्हिर पाहा. ते विषाणूच्या आतल्या कवचाला, कॅप्सिडला धरतं. ते कवच फारसं बदलू शकत नाही. वर्षाला दोन इंजेक्शनं, आफ्रिकेतल्या चाचणीत २,१३४ स्त्रियांनी घेतली, एकीलाही लागण झाली नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेत प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. लस नव्हे, पण लसीचं काम करतंय.

---

बंड्या_बिनधास्त

बरं. हे माहीत नव्हतं. तरी पण ४० वर्षं ही ४० वर्षंच.

---

ठाणेकरीण

त्यात काही खोटं नाही, बंड्या.

सगळे सबटाइपवरच बोलतायत म्हणून एक प्रत्यक्षातली गोष्ट. खरा घोळ ए-बी-सीमध्ये नसतो, एक आणि दोनमध्ये असतो. एचआयव्ही-२ हा वेगळाच विषाणू, माकडाच्या दुसऱ्या जातीतून आलेला, मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. पण मुंबईत तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सापडला होता. आजही अधूनमधून एखादा रिपोर्ट तसा येतो. त्याच्या लेखनिकाची ती खोबणी जन्मतःच वेगळी, म्हणून नेव्हिरॅपिन, एफाव्हिरेन्झ त्याच्यावर मुळीच चालत नाहीत. नेहमीच्या व्हायरल लोड टेस्टला तो दिसतही नाही. एका बाईंचं सीडी४ घसरत होतं आणि लोड मात्र ‘नाही’ येत होता. घरचे म्हणाले बरी झाली. ती बरी झाली नव्हती. पुन्हा मागे जाऊन पहिली चाचणी पाहिली तेव्हा उलगडा झाला. कुठल्या सेंटरची गोष्ट ते सांगत नाही.

तसंही आमच्याकडे पॉझिटिव्ह सांगण्याआधी तीन वेगवेगळ्या किटांवर तपासतात. लोक वैतागतात, “किती वेळा रक्त पिता?” एकाच नमुन्यावर होतं ते सगळं, पण ते ऐकतं कोण.

---

सूक्ष्मजीव

ताई, बरं आठवलं. १९९४ च्या सुमारास फ्रान्समध्ये ओ गटाचे काही नमुने त्या वेळच्या किटांतून निसटले होते. त्यानंतर किटांमध्ये त्या गटाचाही तुकडा घातला गेला. आपल्याकडच्या किटांत एचआयव्ही-२ च्या आवरणातलं जीपी३६ हे प्रथिन असतं तेही, तो निसटू नये म्हणूनच.

---

रेणूसूत्र

शेवटचं एक, मला राहवत नाही म्हणून. आपला सी आफ्रिकेतल्या सीपेक्षाही थोडा वेगळा आहे. टॅट नावाचं छोटं प्रथिन असतं. त्यात ३० आणि ३१ नंबरला शेजारी शेजारी दोन सिस्टीन असतात. भारतातल्या बहुतेक सी विषाणूंत ३१ नंबरला सिरीन येऊन बसलंय. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या उदयकुमार रंगा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की हे टॅट रक्तातल्या मोनोसाइट पेशींना (विषाणूला मेंदूपर्यंत नेतात त्या याच) ओढून घेण्यात कमी पडतं. उंदरांवरच्या प्रयोगांतही सीने मेंदूला बीपेक्षा कमी इजा केली. एका खोलीतला एक भाडेकरू!

यावरून सी ‘सौम्य’ असं मात्र कुणी घेऊ नका. उपचार नसेल तर शेवट तोच.

---

गल्ली_नं_७

मंडळी, मंगळवार झाला. मी सोबत गेलो होतो. डॉक्टरांनी सबटाइपच्या ओळीकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ खालच्या यादीवर बोट. एफाव्हिरेन्झ बंद, आता टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर एकाच गोळीत. ही तिसरी त्या इंटिग्रेजवर बसते असं मीच मामांना सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. मामांचं नाव पुन्हा सरकारी सेंटरवर लागलंय, पण घरापासून लांबच्या. त्यांनीच निवडलं, तिथे वाडीतलं कुणी येत नाही म्हणून. ठाणेकरीणताई, तुम्ही यावर काही म्हणाल हे माहीत आहे.

---

ठाणेकरीण

काही म्हणणार नाही. रोज गोळी घेतात ना, मग विरारला जाऊन घेतली तरी चालेल. आणि ओळख बाहेर फुटणार नाही हे पाहणं २०१७ च्या कायद्याने सेंटरचं कामच आहे, तेवढं त्यांच्या कानावर घाला.

---

गल्ली_नं_७

सहा महिन्यांनी धागा वर काढतोय, माफी असावी.

काल व्हायरल लोडचा रिपोर्ट आला: टार्गेट नॉट डिटेक्टेड. वजन पाच किलोंनी वाढलंय, मामी तक्रार करते की तूप संपतं. पेशींत विषाणू अजून लपून आहे, गोळी सोडायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलं आणि मामांनी ते तिथेच मला म्हणून दाखवलं.

बाहेर पडल्यावर टॅक्सी स्टँडपाशी थांबून विचारतात, “मग आता पुन्हा ती चार पानी टेस्ट केली तर काय अक्षर येईल रे?” म्हटलं, मामा, आता ती टेस्ट होणारच नाही, रक्तात वाचण्याइतका विषाणूच नाही. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे गाडी रिकामी.” आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले, ड्रायव्हरला रस्ता सांगायला.